पदके आणि पदवी

चार्ल्स मॅक्गी हे नाव आपल्या घरांत फारसे कुणी ऐकलेले नसेल, म्हणून आम्ही मुद्दाम सांगतो. काळा माणूस बुद्धीने व धैर्याने कमी, असे अमेरिकी लष्कराच्या १९२५ च्या अहवालात चक्क लिहिलेले होते. पुढे काळ्या वैमानिकांना घेतले, तेही टस्कीगी येथे वेगळे तळ, वेगळ्या तुकड्या करून. तिथेच १९४३ मध्ये मॅक्गी वैमानिक झाले. इटलीच्या तळावरून गोऱ्यांच्या बाँबफेकी विमानांची राखण त्यांनी केली. मग कोरिया, मग व्हिएतनाम. तीन युद्धांत मिळून ४०९ लढाऊ मोहिमा! डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे पदक तीनदा मिळाले. १९७३ साली कर्नल म्हणून ते निवृत्त झाले.

पण आम्हाला कौतुक वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. महायुद्धामुळे त्यांचे कॉलेज अर्धवट सुटले होते. एवढी पदके छातीवर असताना कोण विचारणार होते? तरी हा माणूस पुन्हा वर्गात जाऊन बसला. रात्रशाळेत जाणाऱ्या आमच्या वाचकांना यातले कष्ट सांगायला नकोत. १९७८ मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनी पदवी घेतली. ब्रिगेडियर जनरल हा मानाचा हुद्दा मात्र सरकारने २०२० मध्ये दिला, तेव्हा ते शंभर वर्षांचे होते. २०२२ च्या जानेवारीत ते वारले.