दुर्मीळतेचा हिशेब

पडून राहिलेला माल म्हणजे तोटा. खेळण्यांत मात्र क्वचित उलटे घडते. ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातील पात्रांची खेळणी अमेरिकेत १९८५ साली बंद झाली. बहुतेक मुलांनी ती खेळून मोडली होती; म्हणून न उघडलेल्या मोजक्या पाकिटांना मोल आले. १९९५ साली मालिका पुन्हा निघताच असंख्य लोकांनी पाकिटे जपली. तो माल आजही स्वस्तच मिळतो.

गोव्यात कारखाना असलेल्या फनस्कूलने, अमेरिकेत १९९४ साली थांबलेले ‘जी. आय. जो’ सैनिक पुढेही घडवले. निराळ्या रंगांमुळे परदेशी संग्राहक ते शोधतात. नंदुरबार-शहाद्याच्या एखाद्या दुकानात माळ्यावर असे पाकीट उरले असल्यास अवश्य जपावे; परंतु भाववाढीच्या आशेने नवी खेळणी कोंडून ठेवू नयेत. जे सारेच जपतात, ते दुर्मीळ होत नाही.