जुना संगणक, नवी डिस्क

बेंगळुरूच्या टाऊन हॉलपासून थोडे चालत गेले की सादर पत्रप्पा रस्ता लागतो. त्याला सगळे एस. पी. रोडच म्हणतात. संगणकाचा एखादा भाग इथे मिळाला नाही, तर तो कुठेच मिळणार नाही असे समजावे. या रस्त्यावर संध्याकाळी हिंडलात तर एक प्रश्न हमखास कानावर पडतो : "मशीन जुने आहे, एसएसडी बसेल का?"

प्रश्न विचारणारे बहुधा आईवडील असतात. मुलगा नोकरीला लागतो, कंपनीचा लॅपटॉप मिळतो आणि घरातला २०१२ सालचा संगणक आईबाबांच्या वाट्याला येतो. बटण दाबावे, चहा टाकावा, चहा उकळून गाळून झाला तरी पडद्यावरचे चक्र फिरतेच आहे! अशा वेळी कुणीतरी सांगते, "एसएसडी टाका, नव्यासारखा पळेल." सल्ला अगदी योग्य आहे. घोटाळा होतो तो कोणती घ्यायची इथे.

आधी संगणक रेंगाळतो का, ते पाहू. जुन्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. माहिती वाचणारा काटा जागेवर जाईपर्यंत आणि हवा तो भाग फिरून त्याच्याखाली येईपर्यंत वेळ जातो. त्यामुळे सेकंदाला जेमतेम शंभरेक ठिकाणची माहिती हाती येते. विंडोजला मात्र सुरू होताना हजारो छोट्या फायली गोळा कराव्या लागतात. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते, सगळी माहिती चिपमध्ये. या चिपची कल्पना तोशिबातील फुजिओ मासुओका यांची. त्यांच्या चमूने ती १९८७ मध्ये जगापुढे मांडली. आज सॅनडिस्क आणि सॅमसंग या दोन्ही कंपन्यांचे अभियंते याच बेंगळुरूत बसून अशा चिपवर काम करतात.

आता बाजारात दोन वाण दिसतील. एक चपटी, अडीच इंची, 'साटा' जोडणीची डिस्क. दुसरी च्युइंगगमच्या पट्टीएवढी, 'एम डॉट टू' आकाराची. तिच्यातल्या बहुतेक आता 'एनव्हीएमई' जातीच्या असतात. साटा डिस्क सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचते, एनव्हीएमई ३,५०० किंवा त्याहूनही जास्त. आकडे ऐकून कुणालाही दुसरीचाच मोह होईल, आणि मुले ऑनलाइन मागवतात तीही तीच.

पण जुन्या मशीनमध्ये ती पट्टी खोचायला खाचच नसते. लॅपटॉपमध्ये एखादी छोटी खाच दिसलीच, तर ती वायफाय कार्डाची असू शकते. २०१४च्या आसपासच्या काही मशीनमध्ये एम डॉट टूची खाच असते, पण ती साटाच समजते. एनव्हीएमई पट्टी तिथे बसली तरी दिसत नाही. डेस्कटॉपमध्ये वेगळे अ‍ॅडाप्टर कार्ड घालून ती लावता येते. गंमत अशी, की विंडोज सुरू झाल्यावर पट्टी छान दिसते, पण तिच्यावरून विंडोज सुरू होत नाही! मशीन चालू होताच जो मूळ प्रोग्राम जागा होतो, तो बायोस. २०१४पूर्वीच्या बहुतेक बायोसना एनव्हीएमईची भाषाच येत नाही. पेन ड्राइव्हवर वेगळा बूटलोडर ठेवून वाट काढणारे हौशी लोक आहेत. घरच्या मशीनसाठी मी तो खटाटोप सुचवणार नाही. पट्टी घेऊन बसलाच असाल, तर एनव्हीएमईला चालणारी यूएसबीची डबी घ्या आणि तिचा उपयोग फोटोंची प्रत ठेवायला करा.

तेव्हा जुन्या संगणकाला अडीच इंची साटाच. मशीनची जोडणी दुसऱ्या पिढीची असेल तर वेग निम्म्यावर येईल, पण फरक पडतो तो काट्याची धावपळ संपल्यामुळे, म्हणून घरच्या कामात हे निम्मेपण जाणवतही नाही. लॅपटॉपमध्ये डिस्क सैल बसली तर सोबतची प्लास्टिकची चौकट लावायची. क्षमता ५०० जीबी पुरे. २ टीबीपेक्षा मोठ्या डिस्कवरून सुरू होताना जुने बायोस अडतात.

बसवण्याआधी बायोसमध्ये एक गोष्ट पाहून घ्या. साटाची पद्धत 'एएचसीआय' हवी. ती 'आयडीई' असेल आणि जुन्या विंडोजची जशीच्या तशी नक्कल नव्या डिस्कवर केली असेल, तर नुसता हा पर्याय बदलल्याने निळा पडदा येऊ शकतो. म्हणून आधी विंडोजला 'सेफ मोड'मध्ये सुरू व्हायला सांगायचे, मग बायोसमध्ये बदल करायचा. एवढे करण्यापेक्षा नवी यंत्रणा कोरी टाकणे मला सोपे वाटते. मात्र विंडोज १०ची सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इतक्या जुन्या प्रोसेसरवर चालत नाही. एसएसडीने वेग येतो, वय कमी होत नाही. ज्यांचे काम पत्रे, फोटो आणि ब्राउझरपुरते आहे, त्यांनी लिनक्स मिंट जरूर पाहावे. ते फुकट आहे आणि त्यात मराठी टंकलेखनही होते.

या सगळ्याच्याही आधीचे काम म्हणजे जुन्या डिस्कवरचे फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घेणे. नातवाचे बारसे, आजोबांची एकसष्टी, घराच्या कागदांच्या प्रती, सगळे बहुधा त्या एकाच डिस्कवर असते. ती टकटक आवाज करू लागली असेल तर नक्कल करण्याचा हट्ट सोडा आणि आधी फोटो वाचवा. एसएसडी तर आवाजही न करता जाते, आणि तिच्यावरून पुसलेली फाइल परत मिळणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून नवी डिस्क आली तरी दुसरी प्रत हवीच.

आणि दुकानदाराने जुनी डिस्क "इथेच ठेवा, शंभर रुपये कमी करतो" म्हटले, तर नको म्हणा. फॉरमॅट केल्याने फोटो नाहीसे होत नाहीत. साधा प्रोग्राम लावून ते परत काढता येतात. डिस्क पिशवीत घालून घरी आणा. सहा महिने नवी डिस्क नीट चालली, की जुनीवर संपूर्ण शून्ये लिहून मगच ती अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या.