बाटलीवरची दोन अक्षरं आणि 'सेफ' नावाची थाप

गेल्या दोन-तीन हंगामांपासून आपल्या बुलडाणा-जालना पट्ट्यातल्या कृषी केंद्रांवर एक वाक्य सारखं कानावर येतंय. "भाऊ, कॅप्सूलवालं औषध आहे. एकदम सेफ. वास कमी, जळजळ कमी, आणि टिकतं पण जास्त." दुकानदार सांगतो, शेतकरी मान डोलावतो, बाटली पिशवीत जाते.

मित्रांनो, हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. 'सेफ' आणि 'जास्त टिकतं' या दोन गोष्टी एकाच दमात सांगितल्या जातायत. विष जास्त दिवस टिकणार असेल तर ते फक्त अळीसाठी टिकत नाही. दुसऱ्या दिवशी निंदायला जाणाऱ्या बाईसाठी टिकतं, बांधावर चरणाऱ्या शेळीसाठी टिकतं, फुलावर बसणाऱ्या मधमाशीसाठी पण टिकतं. हे तिला कोण सांगणार?

आधी भानगड काय ते साध्या भाषेत. लॅम्ब्डा सायहॅलोथ्रिन हे औषध तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मारलं असेल. ते ५ टक्के ईसी मध्ये मिळतं आणि ४.९ टक्के सीएस मध्ये पण मिळतं. ईसी म्हणजे द्रावकात विरघळवलेलं, पाण्यात टाकलं की दुधासारखं होणारं. सीएस म्हणजे कॅप्सूल सस्पेन्शन. यात औषधाच्या अतिबारीक थेंबाभोवती पॉलिमरची, म्हणजे प्लास्टिकच्या जातीची, भिंत बांधलेली असते. एका घटकात मिसळलेलं तेलकट औषध पाण्यात घुसळतात, पाण्यात दुसरा घटक टाकतात, आणि थेंबाच्या कडेला दोघांची गाठ पडली की तिथं पापुद्रा तयार होतो. बहुतेक वेळा हा पापुद्रा पॉलियुरियाचा असतो. भिंत पातळ असेल तर औषध लवकर बाहेर, जाड असेल तर सावकाश.

कल्पना काही कालची नाही. बिलबुकात कार्बन न घालता खालच्या पानावर अक्षर उमटतं ना, ती याच तंत्राची करामत. अमेरिकेत १९५०च्या दशकात तो कागद आला. पेनाच्या दाबानं कॅप्सूल फुटते आणि रंग उमटतो. फरक एवढाच, की तिथं आत रंग होता, इथं विष आहे.

आता कुणी लगेच 'हा पत्रकार विज्ञानाच्या विरोधात आहे' म्हणून कमेंट टाकायच्या आधी ऐका. या तंत्राचा फायदा खरा आहे. भिंतीमुळे औषध थेट कातडीला कमी लागतं, द्रावकाचा त्रास कमी होतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. ते ज्यांनी पाहिलं त्यांना पंप पाठीवर घेणाऱ्याचा जीव थोडा जरी वाचत असेल तर त्याची किंमत कळते. माझा राग कॅप्सूलवर नाही. ती विकताना अर्धं सांगून अर्धं गिळलं जातं, त्यावर आहे.

बाटलीवरचा रंगीत त्रिकोण घ्या. लाल, पिवळा, निळा, हिरवा. आपण समजतो की हा एकूण धोक्याचा रंग. तसं नाही. हा रंग ठरतो तो औषध एका वेळी पोटात गेलं किंवा कातडीला लागलं तर किती मारक आहे, यावर. ते पानावर किती दिवस राहणार, हे त्रिकोण सांगत नाही. सांगू शकतच नाही, तो त्यासाठी बनलेलाच नाही. म्हणजे कॅप्सूलमुळे जो धोका कमी होतो तोच त्रिकोण मोजतो, आणि जो लांबू शकतो त्याच्याबद्दल गप्प बसतो. विक्रीवाल्याला याहून सोयीचं काय पाहिजे?

मी मुद्दाम बाजारातल्या चार सीएस बाटल्या हातात घेऊन पाहिल्या, आतली माहितीपत्रकं भिंग लावून वाचली. काढणीआधी किती दिवस थांबायचं ते होतं. भिंत कशाची, औषध किती दिवस सुटत राहणार, मजुरानं शेतात परत कधी शिरायचं, याबद्दल मराठीत एक ओळ सापडली नाही. 'सीएस' ही दोन अक्षरं तेवढी ठळक.

हा बारीकसारीक मुद्दा नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेत मिथाइल पॅराथिऑनचं कॅप्सूलवालं औषध बाजारात आलं. फवारणाऱ्यासाठी ते साध्या औषधापेक्षा सुरक्षित होतं, हे खरंच. पण त्या कॅप्सूलचा आकार निघाला परागकणाएवढा. मधमाश्यांनी परागासोबत त्या गोळा करून पोळ्यात नेल्या, साठवल्या, आणि पुढे महिनोन्‌महिने तेच विष वसाहतीत खाल्लं गेलं. साध्या औषधानं माशी शेतातच मेली असती. कॅप्सूलनं विष घरपोच केलं. आजच्या बऱ्याच कॅप्सूल त्याहून बारीक असतात, पण धडा तोच. माणसासाठी सेफ म्हणजे सगळ्यांसाठी सेफ नव्हे. आपल्या पट्ट्यात कांद्याचं बियाणं पिकतं. डोंगळ्याला फूल आल्यावर माशी आली नाही तर बी भरत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता भिंतीचं काय होतं ते बघू. औषध संपतं, टरफल मातीत राहतं. पॉलियुरिया काही पालापाचोळ्यासारखा कुजत नाही. युरोपीय संघानं २०२३ मध्ये मुद्दाम मिसळलेल्या सूक्ष्म प्लास्टिकवर बंदीचा नियम केला. त्यात खतांच्या आवरणाला २०२८ पर्यंत, सुगंधाच्या कॅप्सूलना २०२९ पर्यंत आणि पीकसंरक्षण औषधांना २०३१ पर्यंत मुदत दिली. जपानमध्ये भातखाचरातून खताची प्लास्टिक टरफलं समुद्रात जाताना सापडली, तेव्हा तिथल्या शेतकरी सहकारी संस्था आणि खत उद्योगानं २०३० पर्यंत त्यातून बाहेर पडायचं जाहीर केलं. आणि आपण? २०१८ पासून राज्यात प्लास्टिकबंदी आहे. बाजारात भाजीवालीची पिशवी जप्त होते, पावती फाटते. शेतात प्लास्टिक फवारलं जातं, त्याची पावती मात्र शेतकऱ्याच्याच नावानं, खर्चाच्या रकान्यात.

'पर्याय नाही' असं कुणी म्हणू नये. प्रोस्टेट कॅन्सरच्या महिन्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनात हेच सावकाश सुटण्याचं तंत्र आहे. तिथं वापरलेला पॉलिमर शरीरात विरघळून लॅक्टिक आणि ग्लायकॉलिक आम्ल होऊन निघून जातो. माणसाच्या अंगात जायचं म्हटल्यावर विरघळणारी भिंत सापडली. मातीसाठी स्वस्तातली चालते, कारण माती तक्रार करत नाही. आणि दर वेळी प्लास्टिकच लागतं असंही नाही. २०१५ पासून आपला युरिया नीमकोटेड आहे, तिथं नत्राचा वेग निंबोळी तेलानं कमी होतो.

'शेतकऱ्याला एवढं कळत नाही, उगाच घाबरवू नका' असं एका विक्री प्रतिनिधीनं मला ऐकवलं. साहेब, ज्याला बियाण्याचा लॉट नंबर पाठ असतो, त्याला 'सात दिवस शेतात उघड्या पायानं जाऊ नका' हे वाक्य नक्की कळतं. तुम्ही लिहून तर बघा.

मागणी साधी आहे. प्रत्येक सीएस बाटलीवर ठळक मराठीत तीन ओळी छापा: औषध किती दिवस सुटत राहतं, शेतात परत कधी शिरायचं, भिंत कशाची आहे आणि ती कुजते का. कंपनीकडे ही माहिती असणारच, भिंत तिनंच बांधली आहे. कृषी विभागानं खरिपाच्या बैठकांत हे सांगावं, आणि ग्रामसभांनी तसे ठराव करून कृषी अधिकाऱ्यांकडे पाठवावेत. ठरावाचा मसुदा मी लिहून देतो, मेसेज करा.

आणि तोवर तुम्ही एक करा. पुढच्या वेळी कुणी 'सेफ आहे' म्हणालं की विचारा, "कुणासाठी? आणि किती दिवस?" उत्तर मिळालं तर खाली कमेंटमध्ये टाका. नाही मिळालं तर ते पण टाका.