भातावरील कडा करपा : जिवाणूचे मूळ शोधून आपला काय फायदा?

कोरोनाच्या काळात 'जिनोम सिक्वेन्सिंग' हा शब्द घरोघरी पोचला. विषाणूचा नवा प्रकार कोठून आला, कसा पसरतो, हे त्यावरून समजत होते. तेच तंत्र आता पिकांच्या रोगांसाठीही वापरले जाते. मुरुडच्या भात उत्पादकांनी ते समजून घ्यायला हवे, कारण भारतात कडा करपा (जिवाणूजन्य करपा) प्रथम आढळला तो 1951 मध्ये तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात. पुढे 1963 मध्ये बिहारच्या शहाबाद भागात त्याची मोठी साथ आली.

तंत्र काय सांगते?

हा रोग झॅन्थोमोनास ओरायझी या जिवाणूमुळे होतो. पानावरची लक्षणे सगळीकडे सारखीच दिसतात, पण जिवाणू सारखा नसतो. त्याच्या जनुकीय साखळीत सुमारे 50 लाख 'अक्षरे' असतात आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यात बदल साठत जातात. दोन नमुन्यांतील फरक जितका कमी, तितके त्यांचे नाते जवळचे. चंडीगडची इमटेक, हैदराबादची सीसीएमबी व भारतीय भात संशोधन संस्था येथील शास्त्रज्ञांनी भारतातील 100 नमुने असे तपासले. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जिवाणूची पाच वेगवेगळी घराणी आढळली.

याचा उपयोग टांझानियात दिसला. तेथे 2019 पासून भातावर करप्याचा नवा उद्रेक झाला. जनुकीय तपासणीत हा जिवाणू आफ्रिकेतला नसून आशियाई घराण्यातला निघाला. आफ्रिकेतील जुन्या जिवाणूंकडे नसलेली, प्रतिकारशक्ती भेदणारी जनुके त्याच्याकडे होती. नुसते पान पाहून हे कळले नसते.

वाण निवडीशी संबंध

कडा करप्यावर खात्रीचे औषध नाही. खरा आधार प्रतिकारक वाणाचा. मात्र एकाच जनुकावर विसंबलेला वाण जिवाणू कालांतराने भेदतो. म्हणून 2008 मध्ये प्रसारित झालेल्या 'सुधारित सांबा मसुरी'त तीन प्रतिकारक जनुके एकत्र आणली गेली. कोणत्या भागात कोणते जनुक टिकेल, हे ठरवायला तेथे जिवाणूचे कोणते घराणे आहे ते माहीत असावे लागते. या तपासणीने यंदाचे पीक वाचणार नाही. पुढच्या हंगामांसाठी वाणाची दिशा मिळेल. पण प्रयोगशाळेपर्यंत नमुनाच पोचला नाही, तर यंत्र कितीही महाग असले तरी उपयोग नाही. आणि नमुना पोचवण्याची सुरुवात आपल्या खाचरातून होते.

आपण काय करावे?

1. ओळख पक्की करा. 'करपा' हा बुरशीजन्य रोग वेगळा. त्याचे बुरशीनाशक कडा करप्यावर चालत नाही. कडा करप्यात पान शेंड्याकडून, कडेने, नागमोडी पिवळे होत वाळते. खार जमिनीत क्षारांमुळेही शेंडे करपतात. म्हणून हिरव्या-पिवळ्या सीमेवरचा पानाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात धरा. काही मिनिटांत कापलेल्या कडेतून दुधट धार उतरली, तर जिवाणू आहे.

2. रोग दिसताच नत्राचा पुढचा हप्ता थांबवा. खाचरातले पाणी काढा, पण ते शेजारच्या निरोगी खाचरात सोडू नका.

3. पाने ओली असताना शेतात फिरू नका. लावणीच्या वेळी रोपांचे शेंडे छाटू नका. त्या जखमांतून जिवाणू आत शिरतो.

4. रोगट शेतातले बियाणे घरी ठेवू नका, पाहुण्यांनाही देऊ नका.

5. स्ट्रेप्टोसायक्लिन हे प्रतिजैविक आहे. त्याच्या वारंवार फवारणीने त्याला दाद न देणारे जिवाणू वाढतात.

6. रोगट पाने कोरड्या कागदी पाकिटात घालून किल्ला-रोहा येथील कृषि विज्ञान केंद्राकडे किंवा कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्राकडे द्या. पाकिटावर गाव, वाण, लावणीची तारीख आणि बियाणे कोठून आणले हे लिहा.

यातली शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची. जिवाणू कोणत्या घराण्यातला हे प्रयोगशाळा सांगेल. तो कोणत्या बियाण्याबरोबर आला असावा, याचा माग मात्र आपल्या नोंदीवरूनच लागेल.