हद्दीवरचा चौकोन

मुलांनो, पुणे जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवा. बारामती तालुक्याच्या पूर्वेला इंदापूर तालुका आहे. दोघांची हद्द एकच. बारामतीला हिरवा आणि इंदापूरला पिवळा रंग द्या. हाताने हे सोपे आहे. संगणकाचा पडदा मात्र बारीक चौकोनांचा असतो. या चौकोनांना पिक्सेल म्हणतात. एका पिक्सेलला एकच रंग मिळतो. मग हद्दीवरचा पिक्सेल कोणाचा?

शेताच्या बांधावरून भाऊबंदांत भांडणे होतात ना? हेही तसेच आहे. चौकटीच्या कागदावर उभ्या रेषांना क्रमांक द्या. प्रत्येक चौकोनाला त्याच्या डाव्या रेषेचा क्रमांक द्या. एक शेत रेषा २ पासून ६ पर्यंत, शेजारचे ६ पासून १० पर्यंत. दोन्हींची मिळून रुंदी ८. आता २ ते ६ आणि ६ ते १० असे चौकोन रंगवा. प्रत्येकी ५, म्हणजे एकूण १०! सहावा चौकोन दोनदा मोजला गेला. दोघांनीही तो सोडला, तर मध्ये पांढरी फट राहते.

"एका चौकोनाने काय बिघडते?" असे काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. चौकोन मोजून जमिनीचे क्षेत्र काढले, तर गावातल्या प्रत्येक बांधावर हीच चूक होईल.

यावर उपाय साधा आहे. डावी हद्द घ्यावी, उजवी सोडावी. मग २ ते ५ आणि ६ ते ९, बरोबर ८ चौकोन होतात. तुम्ही उर्दू उजवीकडून लिहिता, म्हणून उजवी हद्द घेतलीत तरी चालेल. पण सर्व शेतांना नियम एकच हवा.

चित्रे काढण्याच्या प्रोग्रॅममध्ये रंगाच्या बादलीचे चिन्ह असते. मुले लगेच तेच दाबतात. हद्दीच्या रेषेत एक भोक राहिले, की वाफा फुटून पाटाचे पाणी शेजारच्या उसात शिरावे, तसा हिरवा रंग इंदापुरात शिरतो! म्हणून माझे मत असे, की संगणकाआधी हे काम चौकटीच्या कागदावर करावे.

दक्षिणेकडे नीरा नदीची हद्द वाकडी आहे. तेथे चौकोनाचा मध्यबिंदू हद्दीच्या आत असेल तरच तो रंगवा. मध्यबिंदू नेमका रेषेवर आला, तर वरचाच नियम लावा. मग नरसिंगपूरला नीरा-भीमेच्या संगमापर्यंत या आणि कुठे पांढरी फट राहिली का, ते बघा.