वीतभर विमान आणि रात्रीचा खोकला



गेल्या हिवाळ्यात पंचविशीतला एक तरुण आईबरोबर दवाखान्यात आला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) "रात-रात उठून बसायलाय सर, डोळ्याला डोळा नाही त्याच्या," आई सांगत होती. खोकला दोन महिन्यांचा. ताप नाही, वजन घटलेले नाही, बेडका नाही. छातीचा एक्स-रे स्वच्छ. आपल्या देगलूरला थंडी आणि धूळ दोन्ही भरपूर. मी ॲलर्जीचा खोकला समजून गोळ्या दिल्या.

चार दिवस बरे वाटले आणि पुन्हा सुरू. दुसऱ्या खेपेला छातीत शिट्टीसारखा आवाज येत होता, म्हणून पंप दिला. तिसऱ्या खेपेला मनगटावर आणि बोटांच्या बेचक्यात लाल पुरळ दिसले. त्यावर तो मेडिकलमधून आणलेले गजकर्णाचे मलम लावत होता. "काम काय करतोस?" मी विचारले होते. "दुकानात हिशेब लिहितो." विडी-सिगारेट नाही. मी केसपेपरवर 'दमा' लिहिले आणि मोकळा झालो.

चौथ्या खेपेला आईच म्हणाली, "लग्नाला आठ दिवस हैदराबादला होतो सर, तिथं काहीच नाही. घरी आलो की तिसऱ्या रात्री पुन्हा तेच." त्या वाक्याने माझे डोळे उघडले. "घरी रात्री जेवण झाल्यावर काय करतोस?" हा प्रश्न मी तेव्हा पहिल्यांदा विचारला. त्याने लाजत मोबाइल काढला आणि फोटो दाखवले. छोटी छोटी लढाऊ विमाने, एकापेक्षा एक सुंदर.

हा छंद नेमका काय आहे?

प्लास्टिकचे सुटे भाग जोडून खऱ्या विमानाची हुबेहूब लहान प्रतिकृती करायची. १/७२ हे त्यातले लोकप्रिय माप. म्हणजे खरे विमान बहात्तर पटीने लहान. मिग-२१ या मापात एका वितीत मावते. तयार किट बहुधा परदेशी कंपन्यांचे असते, आणि त्या कंपन्या त्यांच्या बाजारात खपणारी रूपे काढतात. आपल्या हवाई दलाच्या विमानात जे बदल झाले, ते त्या डब्यात मिळतीलच असे नाही.

या मुलाचे मामा नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात होते. १९६४ साली तो कारखाना मिग-२१ बांधण्यासाठीच उभा राहिला. पुढे त्याच विमानाची 'बायसन' ही सुधारित आवृत्ती आली. समोरची काच बदलली, नवे रडार बसले. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला गेला, आणि भाच्याने ठरवले की मामांसाठी एक बायसन करायचे. तयार किट साध्या मिगचे. बदललेले भाग घरीच घडवायचे. नुसते एक नव्हे, तर इतर हौशी मित्रांनाही देता येतील असे आठ-दहा संच. यालाच कन्व्हर्जन किट म्हणतात.

पद्धत सोपी दिसते. मूळ भाग हाताने घडवायचा. त्याभोवती सिलिकॉन रबर ओतून साचा करायचा. मग दोन बाटल्यांतले पातळ द्रव, 'ए' आणि 'बी', सम प्रमाणात मिसळून साच्यात ओतायचे. दहा-पंधरा मिनिटांत टणक भाग तयार. कडा पॉलिश पेपरने घासायच्या. हे सगळे तो रात्री अकरानंतर करायचा, झोपायच्या खोलीत, थंडी म्हणून खिडक्या लावून.

त्याने बाटली आणून दाखवली. मूळ कॅनमधून काढून विकलेली. वर मार्करने 'ए' लिहिलेले. बाकी काही नाही. विक्रेत्याने जाहिरातीत मात्र ठळक लिहिले होते: वास नाही, विषारी नाही.

रेझिन म्हणजे एकच वस्तू नव्हे

रेझिन हे आडनाव आहे, घरे वेगळी वेगळी. तुमच्याकडे कोणते आहे, हे कळल्याशिवाय धोका कळत नाही.

पॉलियुरेथेन: आपल्या रुग्णाचे हेच. झटपट घट्ट होणारे. याच्या एका बाटलीत आयसोसायनेट नावाचे रसायन असते. नाव ऐकून भोपाळ आठवेल. १९८४ च्या डिसेंबरात तिथे गळलेले मिथाइल आयसोसायनेट याच कुळातले. पण ते अतिशय उडून जाणारे आणि फार जहाल. बाटलीतले बहुधा जड, कमी उडणारे असते. त्यामुळे भोपाळसारखी भीती नको. मात्र श्वासनलिकेला ॲलर्जी लावण्याचा गुण त्यातही आहे, आणि त्याला जवळजवळ वास नसतो. नाकाला कळत नाही म्हणून माणूस बेफिकीर राहतो. युरोपात ऑगस्ट २०२३ पासून असे रसायन व्यवसायात वापरणाऱ्याला आधी प्रशिक्षण घेण्याची सक्ती आहे. आपल्याकडे ते कुरिअरने घरपोच येते.

इपॉक्सी: लग्नाच्या वरमाला, कीचेन, घड्याळे ज्यात बनवतात ते. याचा रोख मुख्यतः कातडीवर. हात, मनगट, आणि हाताळून तोंडाला हात लागला की पापण्या. पुरळ लगेच न येता दोन-तीन दिवसांनी येते, म्हणून संशय साबणावर जातो.

पॉलिस्टर: फायबरच्या दुकानातले, उग्र वासाचे. याचा हार्डनर डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते. तो हार्डनर आणि कोबाल्ट थेट एकमेकांत कधीही मिसळू नयेत. आग लागते, स्फोटही होतो.

यूव्ही रेझिन: थ्रीडी प्रिंटरमध्ये किंवा छोट्या दिव्याखाली घट्ट होणारे. ओले असताना हाताला लागत राहिले की याचीही कातडीला ॲलर्जी जडते.

एक गोष्ट स्पष्ट करतो. पूर्ण घट्ट झालेली वस्तू कपाटात ठेवल्याने काही होत नाही. मुलीच्या लग्नाची रेझिनमधली वरमाला घरात असेल तर ती काढून टाकू नका. धोका आहे तो ओल्या द्रवाचा, त्याच्या वाफेचा आणि घासताना उडणाऱ्या बारीक भुकटीचा.

खोकला रात्रीच का?

आयसोसायनेट पहिल्या दिवशी काही करत नाही. शरीर आठवडे, महिने, कधी वर्षे ते सहन करते आणि मग एक दिवस त्याला शत्रू ठरवते. त्यानंतर अगदी थोडेसे रसायनही पुरते. शिवाय लक्षणे पुष्कळदा चार ते आठ तासांनी येतात. अकरा वाजता ओतलेले रेझिन पहाटे चारला खोकला आणते. त्यामुळे कारण आणि परिणाम यांची सांगड कुणाला लागत नाही. रुग्णालाही नाही, आणि कबूल करतो, मलाही लागली नाही.

खात्री करायचा मार्ग स्वस्त आहे. पीक फ्लो मीटर नावाची छोटी नळी असते. दिवसातून चार वेळा तिच्यात जोरात फुंकायचे आणि आकडा वहीत लिहायचा. छंद चालू असलेले दोन आठवडे आणि पूर्ण बंद असलेले दोन आठवडे. मात्र त्रास वाढलेला असेल तर पहिला भाग करायचा नाही. मुद्दाम त्रास ओढवून तपासणी नको. आमच्या मुलाने काम थांबवले आणि रोज आकडे लिहिले. तीन आठवड्यांत आकडा वर चढत गेला. वहीने निदान केले.

"मला तर दहा वर्षांत काही झालं नाही"

हा युक्तिवाद मी तंबाखूबद्दल रोज ऐकतो, आता रेझिनबद्दलही ऐकला. तो खोटा नाही. रेझिन वापरणाऱ्या बहुतेकांना दमा होत नाही. पण कोणाला होईल हे आधी ओळखता येत नाही, आणि एकदा झाला की परत फिरता येत नाही. काम सोडल्यावरही अनेकांचा दमा पूर्ण जात नाही. जितके लवकर सोडाल तितकी आशा जास्त. दहा वर्षे काही झाले नाही याचा अर्थ अकराव्या वर्षी होणार नाही असा होत नाही.

दुसरी बाजूही मला मान्य आहे. हा छंद वाईट नाही. रात्री मोबाइलवर जुगारासारखे खेळ खेळणाऱ्या मुलांच्या आया माझ्याकडे येतात, तेव्हा वाटते की हातात पॉलिश पेपर असलेला मुलगा किती बरा. चिकाटी, नजर, इतिहास, सगळे त्यात आहे. म्हणून "हे बंद करा" एवढे सांगून मला मोकळे व्हायचे नाही.

घरी करायचेच असेल तर

१. झोपायची खोली आणि स्वयंपाकघर सोडा. गच्ची, अंगण किंवा बाहेर हवा फेकणारा पंखा असलेली जागा निवडा. छताचा पंखा हवा बाहेर नेत नाही, फिरवतो फक्त.

२. एन-९५ मास्क भुकटी अडवतो, वाफ अडवत नाही. वाफेसाठी कार्ट्रिजचा मास्क लागतो. कापडी रुमाल दोन्हींना निरुपयोगी.

३. हातमोजे नायट्राइलचे. थेंब पडला की बदला. पातळ रबरी मोज्यांतून इपॉक्सी आत झिरपते.

४. हाताला लागले तर साबण-पाणी. थिनर किंवा ॲसिटोनने पुसू नका. त्याने कातडीचे संरक्षण जाते. डोळ्यात गेले तर वाहत्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटे धुवा आणि थेट दवाखाना गाठा.

५. घासताना कागद आणि वस्तू ओली ठेवा, म्हणजे भुकटी उडत नाही.

६. बुडबुडे काढायला घरचा कुकर वापरणारे आहेत. तो कुकर पुन्हा चुलीवर चढवू नका. मिसळायचे चमचे-वाट्याही वेगळ्या ठेवा.

७. एकदम मोठे प्रमाण कपात मिसळू नका. ते स्वतःच तापते, धूर येतो, कप वितळतो.

८. आधीच दमा आहे, गरोदर आहात, किंवा घरात लहान मूल आहे? मग ओतायचे काम घरात नकोच.

आणि खोकला, छातीत शिट्टी किंवा पुरळ सुरू झाले असेल तर मास्क लावून पुढे चालू ठेवू नका. थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. येताना बाटली किंवा तिचा फोटो आणा.

माझे मत

या गोष्टीत तीन चुका आहेत, आणि त्या मुलाची त्यातली सर्वात लहान.

पहिली चूक विकणाऱ्याची. कोणतेही रसायन सुट्या बाटलीत भरून विकताना आत काय आहे, हे लिहिलेच पाहिजे, आणि आपल्या भागात मराठीत लिहिले पाहिजे. 'विषारी नाही' हे घट्ट झालेल्या वस्तूबद्दल खरे असेल. बाटलीतल्या द्रवाबद्दल ते लिहिणे ही दिशाभूल आहे. ज्या बाटलीवर घटक लिहिलेले नाहीत ती घेऊ नका. दुकानदाराकडे सुरक्षा माहितीपत्रक मागा. प्रत्येक चांगल्या उत्पादकाकडे ते असते. गिऱ्हाईक मागत नाही तोवर दुकानदार देत नाही.

दुसरी चूक शिकवणाऱ्यांची. कला शिबिरे आणि प्रदर्शने यांत साचा कसा करावा हे तासभर सांगतात, हातमोज्याला एक वाक्य. आमच्याकडे सुट्टीत शाळकरी मुलींना रेझिनच्या कीचेन शिकवतात. खोलीच्या खिडक्या उघडल्या आहेत का, हे पालकांनी जाऊन पाहावे.

तिसरी चूक माझी, आणि माझ्या व्यवसायाची. १७०० साली बर्नार्डिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रुग्णाला नेहमीच्या प्रश्नांबरोबर 'तुझा धंदा काय' हेही विचारावे, असे त्याने सांगून ठेवले. तो प्रश्न मी विचारला होता. पण आता माणूस दिवसा एक काम करतो आणि रात्री दुसरे. घरबसल्या मेणबत्त्या, रेझिनच्या राख्या, नखांची सजावट, मूर्तींचे रंगकाम. हे सारे उत्तरात येत नाही, कारण त्याला कुणी 'काम' म्हणत नाही. बायकांच्या बाबतीत तर "घरीच असते" एवढ्यावर केसपेपर संपतो. मी आता एक प्रश्न वाढवला आहे: "हाताने काय काय करता?"

तो मुलगा आता बरा आहे. पंप अजून पूर्ण सुटलेला नाही, कदाचित सुटणारही नाही. पॉलियुरेथेन त्याला कायमचे वर्ज्य. हे सांगताना त्याचा चेहरा पडला होता. मग त्यानेच मार्ग काढला. प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून भाग कापून, गरम करून वळवतो आहे. साच्याचे काम नाही, म्हणून आठ-दहा संच होणार नाहीत. एकच विमान होईल. "मामाला एकच पुरतंय सर," तो म्हणाला.

तुमच्या घरात कुणी रात्री उशिरापर्यंत काही घडवत बसत असेल, तर आज त्याच्याजवळ जाऊन बसा. काय करतोय ते कौतुकाने पाहा. मग बाटली उचला आणि तिच्यावर काय लिहिले आहे ते वाचा.

काळजी घ्या.

(हा लेख माहितीसाठी आहे. औषधोपचार आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावेत. चालू असलेला पंप स्वतःहून बंद करू नये.)