संशयाचा फायदा

(द्वितीय वर्ष, कला)

तत्त्वज्ञानाच्या तासाला सरांनी न्यायदर्शनातील सोळा पदार्थ फळ्यावर लिहिले. त्यांत तिसरा पदार्थ 'संशय'. त्याचे उदाहरण फार जुने आहे. तिन्हीसांजेला दूरवर काहीतरी उभे दिसते. तो खांब आहे की माणूस आहे? उंची दोघांचीही सारखीच, म्हणून समान गुण तेवढे दिसतात. हात-पाय किंवा लाकडाची ढोली असे वेगळेपण दाखवणारे गुण मात्र दिसत नाहीत. अशा वेळी मनाची जी दोलायमान अवस्था होते, तिला संशय म्हणतात. वर्गातील मुलांनी ही व्याख्या वहीत उतरवून घेतली. माझे पेन मात्र थांबले होते. कारण मी त्या उदाहरणात एकदा प्रत्यक्ष उभा राहिलो आहे, आणि तेव्हा माझ्या शेजारी भरलेली बंदूक होती.

माझे गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यात, डोंगराच्या कुशीत आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. वडील आणि काका मिळून सात खाचरे भात करतात. दसरा झाला, हळवे भात कापून झाले आणि गरवे पिकायला लागले की रानडुकरे उतरतात. ज्याने हे पाहिलेले नाही त्याला सांगतो, डुकरे भात नुसते खात नाहीत. ती लोळतात, मुसंडी मारून माती उकरतात आणि चार महिन्यांची मेहनत एका रात्रीत चिखल करून टाकतात. आजोबांच्या वेळेपासून घरात ठासणीची बंदूक आहे. तिचा शेतीसंरक्षणाचा परवाना आता काकांच्या नावावर आहे. एरवी काका माळ्यावर बसून हवेत बार काढतात आणि डुकरे पळतात. पण गेल्या वर्षी ती आवाजालाही सरावली होती. एकाच आठवड्यात दोन खाचरे गेली होती. त्या संध्याकाळी माळ्यावर चढताना काकांचा चेहरा पाहूनच मी ओळखले की आज बार हवेत जाणार नाही.

मी बॅटरी घेऊन सोबत गेलो होतो. पण उजेड पाडला तर जनावर निसटेल, म्हणून ती विझवलेलीच होती. सूर्य डोंगराआड गेला होता. खाली व्हाळाच्या काठी करवंदीची जाळी आहे. तिच्या बुंध्याशी काळे, बुटके, रुंद असे काहीतरी हलले. थांबले. पुन्हा हलले. काकांनी नळी त्या दिशेला वळवली. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला आहे. त्यांनी हळूच विचारले,

"डुकर मां रे? सांग बेगीन. तुझे डोळे तरणे."

मित्रहो, त्या क्षणी घोडा काकांच्या बोटाखाली होता, पण बार उडणार होता माझ्या शब्दावर. मला काय दिसत होते? एक काळा आकार. तो डुकराएवढा होता. तो डुकरासारखा हलत होता. आणि तो डुक्कर असावा, अशी माझी फार फार इच्छा होती. 'होय' हा शब्द ओठांपर्यंत आला होता. पण मी म्हणालो,

"काका, नक्की काय ता दिसणा नाय."

काकांनी थोडा वेळ नळी तशीच धरली. मग खाली घेतली. अंधार पडला, आणि आम्ही काही न बोलता घरी आलो.

सकाळी जाऊन पाहिले. करवंदीच्या जाळीपाशी ओल्या मातीत डुकरांच्या खुरांचे ठसे होते आणि खालचे तिसरे खाचर पुरते आडवे झाले होते. म्हणजे ते डुक्करच होते. काकीने कपाळावर हात मारून विचारले, "कॉलेजात जावन डोळे फुटले काय रे तुझे?" वडील काहीच बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त लागले. पुढे पावसाळ्यापर्यंत पुरायचा तांदूळ होळीलाच संपला, आणि माझ्या दुसऱ्या वर्षाच्या फीसाठी वडिलांनी कोणापुढे हात पसरला ते मला ठाऊक आहे.

तर मग मी चुकलो का? हा प्रश्न मी वर्षभर स्वतःला विचारतो आहे. माझे उत्तर 'नाही' असे आहे. ते का, हे सांगण्यासाठीच हा लेख.

पहिली गोष्ट डोळ्यांची. आपल्या डोळ्यांत उजेडाची जाण असणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूसारख्या पेशी रंग आणि बारकावे टिपतात, पण त्यांना भरपूर प्रकाश लागतो. दंडासारख्या पेशी अंधूक प्रकाशात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाही आणि बारकावेही नीट कळत नाहीत. संध्याकाळी पहिल्या थकतात आणि दुसऱ्यांना पुरते जागे व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. आपल्याकडे संधिप्रकाश असतोच मुळी वीस-बावीस मिनिटांचा. म्हणजे डोळा अंधाराला सरावण्याच्या आधीच अंधार येऊन ठेपतो. आणखी एक गंमत अशी, की दृष्टीच्या अगदी मध्यबिंदूवर दंडपेशी नसतातच. म्हणून अंधूक उजेडात ज्या वस्तूवर आपण नजर रोखतो, तीच सर्वांत वाईट दिसते. फिकी चांदणी पाहायची तर किंचित बाजूला पाहावे लागते, ते याचमुळे. आता नेम धरणारा माणूस काय करतो? तो नेमका समोर नजर रोखतो!

रंगांचेही तसेच. अंधार पडू लागला की लाल रंग सर्वांत आधी काळा पडतो. पुर्किंये नावाच्या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात ही गोष्ट नोंदवून ठेवली आहे. आमच्या गावातील बाया संध्याकाळी व्हाळावरून येतात त्या कित्येकदा लाल लुगड्यात असतात. गवताचा भारा डोक्यावर घेऊन वाकून चालणारी बाई पन्नास पावलांवरून कशी दिसेल? काळी, बुटकी आणि रुंद! हे वाक्य लिहिताना माझा हात कापतो, कारण माझी आई रोज त्याच वाटेने येते.

दुसरी गोष्ट मनाची. डोळा अर्धे चित्र देतो, उरलेले अर्धे मन भरते. आणि मन आपल्या पदरचे भरते. भित्र्याला झुडपात भूत दिसते, दोरीत साप दिसतो. डुकराची वाट पाहणाऱ्याला डुक्कर दिसते. तीन रात्रींचे जागरण, गेलेले पीक, घरच्यांचे बोलणे, 'एवढा बंदूकवाला, पण एक डुक्कर पडत नाही' हा वाडीतील शेरा, हे सगळे त्या काळ्या आकाराला पाय आणि सुळे लावत असते. त्यात ठासणीच्या बंदुकीत बार एकच. दारू, गोळी, गज, टोपी हे सारे पुन्हा होईपर्यंत जनावर डोंगरापार जाते. 'आता नाही तर कधीच नाही' असे वाटते. मला तर असे वाटते, की हे 'आता नाही तर कधीच नाही' मनात आले की तेवढ्यानेच बंदूक खाली ठेवावी.

आपल्या रामायणाचे मूळही अशाच एका बाणात आहे. तरुण दशरथाला शब्दवेधी असल्याचा अभिमान होता. पावसाळ्याच्या दिवसांत, रात्रीच्या अंधारात, शरयूच्या काठी त्याने पाण्याचा बुडबुड आवाज ऐकला. हत्ती पाणी पितो आहे असे समजून त्याने बाण सोडला. तो घडा भरणारा मुलगा होता. लोक त्याला श्रावणबाळ म्हणतात. लहानपणी ही गोष्ट ऐकताना आपण श्रावणाच्या मातृपितृभक्तीवर रडतो. पण दशरथाची चूक कोणती, हे कोणी आपल्याला विचारत नाही. नेम चुकला, ही त्याची चूक नव्हती. नेम अचूक होता! न पाहता ओळखले, ही त्याची चूक. कौशल्य जेवढे मोठे, तेवढा संशय कमी वाटतो, आणि नेमके तेच घातक ठरते.

कोणी म्हणेल, मग जिम कॉर्बेटचे काय? १९३८ च्या नोव्हेंबरात ठाकच्या नरभक्षक वाघिणीला त्याने मारले ते मावळत्या उजेडातच. वाघाची हाक काढून त्याने तिला बोलावले, आणि उजेडाची शेवटची मिनिटे उरली असताना गोळी झाडली. हे खरे आहे. पण त्याचे 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' हे पुस्तक नीट वाचावे. वाघीण हाकेला उत्तर देत जवळ येत होती, म्हणजे समोर कोण आहे हे त्याला ठाऊक होते. सोबतची माणसे कुठे आहेत हेही त्याला पक्के ठाऊक होते, कारण ती त्याच्या पाठीशीच बसवलेली होती. उजेड कमी होता, पण संशय नव्हता. कॉर्बेटचे धाडस सगळे सांगतात. ही व्यवस्था कोणी सांगत नाही.

आता माझ्या गावकऱ्यांची बाजू. शहरात बसून 'बिचारी मुकी जनावरे' म्हणणे सोपे आहे. ज्याचे खाचर आडवे होते, त्याला ते ऐकवत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा शिकारीला बंदी करतो. पण उभ्या पिकाला धोकादायक ठरलेल्या जनावराबाबत लेखी परवानगीची वाटही तो ठेवतो. वनखात्याकडून नुकसानभरपाईही मिळते. मात्र अर्ज, पंचनामा आणि हेलपाटे यांत शेतकरी थकतो आणि बंदुकीकडे वळतो. माझे लोक क्रूर नाहीत, ते थकलेले आहेत. तरीही आपल्या लोकांना एक गोष्ट सांगायलाच हवी. बंदुकीचा परवाना म्हणजे मारण्याचा परवाना नव्हे. काकांच्या कपाटात पहिला होता, दुसरा नव्हता. हेही मी लपवत नाही.

पण समजा दुसरा परवानाही असता, तरी माझे उत्तर तेच राहिले असते. 'रानडुक्कर समजून गोळी झाडली, शेतकरी ठार' ही बातमी कोकणातील वर्तमानपत्रांत आपण सर्वांनीच कधी ना कधी वाचली आहे. गोळी झाडणारा बहुधा गुन्हेगार नसतो. तो मृताचा शेजारी असतो, कधी भाऊबंद असतो. त्यालाही 'नक्की' वाटलेलेच असते. आणि माणूस नाही, जनावरच असले, तरी अंधूक उजेडातील नेम बहुधा जीव घेत नाही, जखम करतो. जखमी डुक्कर अंधारात शोधता येत नाही. सकाळी ते भेटते गुरे घेऊन निघालेल्या पोराला.

म्हणून मला वाटते, हा निर्णय अंधार पडताना घ्यायचाच नसतो. तो उजेडी घ्यायचा असतो. अमेरिकेतील अनेक राज्यांत हरणाच्या शिकारीची वेळ सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने संपते. तेथील शिकाऱ्याला शिकवतात की लक्ष्य ओळखा, आणि लक्ष्याच्या मागे काय आहे तेही ओळखा. अशा नियमांचा मोठा गुण हा, की मोहाच्या क्षणी माणसाला एकटे सोडत नाहीत. आमच्या वाडीने एवढे जरी ठरवले, की समोरच्या वडाची पाने वेगळी दिसेनाशी झाली की नळी आकाशाकडे, तरी एखाद्या घरावरचे संकट टळेल.

न्यायालयात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, हे आपण नेहमी ऐकतो. तो आरोपी निर्दोष ठरला म्हणून मिळतो असे नाही. नक्की कळले नाही, एवढ्यासाठीच मिळतो. कधी खरा चोरही सुटतो, म्हणून ते तत्त्व खोटे ठरत नाही. व्हाळाच्या काठी त्या संध्याकाळी संशयाचा फायदा एका डुकराला मिळाला. त्याची किंमत आमच्या घराने एका खाचराने मोजली. काकीचा प्रश्न मला अजून टोचतो. पण कॉलेजात येऊन माझे डोळे फुटले नाहीत. न दिसणाऱ्या गोष्टीला 'दिसत नाही' म्हणायला मी ज्या घरात शिकलो, तेच घर मला कॉलेजात पाठवते आहे. कारण त्या संध्याकाळी नळी खाली घेतली ती काकांनीच. मी फक्त खरे बोललो, ऐकले त्यांनी.

या वर्षीही गरवे भात पिकले आहे. सुट्टीत मी माळ्यावर जाणार आहे. काकांनी विचारले, तर दिसेल तेच सांगेन.